ढग नव्हता तो

त्या संध्याकाळी जवळजवळ पाऊण तास मी एका ढगावर चिडून बसले होते.

सिंधुदुर्गातल्या भोगव्याच्या किनाऱ्यावर चटई पसरून आम्ही दोघंच होतो, मी आणि मामा. हस्ताचा पाऊस कोसळून गेला होता, चित्रा नक्षत्र कोरडं चाललं होतं आणि आभाळ घासून ठेवलेल्या पितळेच्या ताटासारखं लख्ख होतं. अश्विन वद्य दशमी. चंद्र मध्यरात्र उलटल्याशिवाय उगवणार नव्हता. एवढं सगळं जुळवून, पुण्याहून रात्रभर बसने येऊन मी तिथे पोचले होते आणि नेमकी ज्या नैर्ऋत्येकडे मला बघायचं होतं तिथेच एक पांढुरका, विरळ ढग समुद्रावरून वर चढून थेट डोक्यापर्यंत आला होता. सव्वासातला तो जेमतेम जाणवत होता. साडेसातला चांगला दिसायला लागला. पावणेआठला तर इतका पसरला की माझा धीर सुटला.

"हा ढग दाटतच चाललाय रे मामा," मी म्हटलं. "आजही काही खरं नाही."

मामा उताणा पडला होता. तो सावकाश म्हणाला, "ढगात तारे दिसतत काय गो?"

मी पुन्हा वर बघितलं. ढगाआड तारे झाकले जातात. इथे उलट होतं. त्या पांढुरक्या पट्ट्याच्या बाहेर तारे मोजता येतील इतके होते आणि पट्ट्याच्या आत बारीक बारीक ताऱ्यांची गर्दी. शिवाय तो पट्टा एवढा वेळ ताऱ्यांबरोबरच खाली कलत होता, त्यांना सोडून कुठेही सरकला नव्हता. तो दाटत चालला नव्हता. माझे डोळे उघडत चालले होते.

चौदा वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते आहे. दरवर्षी फळ्यावर आकाशगंगेचं सर्पिल काढते, मध्ये फुगवटा, बाजूला भुजा, एका भुजेवर टिंब देऊन "हा आपला सूर्य" असं सांगते. आणि ती समोर असताना मला ओळखू आली नाही. आजही हे आठवलं की घशाशी काहीतरी दाटून येतं.

खरं तर सुरुवात एका मुलीच्या प्रश्नाने झाली होती. सहावीतली मुलगी. सर्पिल काढून झाल्यावर तिने विचारलं, "बाई, तुम्ही बघितली आहे का?" मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. पुण्यात आमच्या गच्चीवरून चांगल्या रात्री पंचवीस-तीस तारे दिसतात, तिथून काय दिसणार? पण तो प्रश्न मनातून जाईना. माझं आजोळ भोगव्याचं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दीड-दीड महिना मी तिथे असायचे. त्या काळात रात्री वर बघितल्याचं मला आठवतच नाही. आठवतात ते आंबे, खाडी, आणि दिवेलागणीनंतर बाहेर जायचं नाही हा आजीचा दम.

मग सुट्टी मिळेल तशी जायला लागले, आणि दोन वर्षं चुकतच राहिले. पहिल्या खेपेला तिथी न बघताच गेले, तर वैशाख पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. चांदण्यात वाळू दिसत होती, माडांच्या सावल्या दिसत होत्या, तारे मात्र नाहीत. दुसऱ्या वर्षी अमावास्या गाठली तर मे महिन्याचा दमट धुरळा. दिवसभर घामाच्या धारा, रात्री आभाळ दुधाळ, क्षितिजावर नुसत्या विजा चमकत होत्या. तिसऱ्यांदा नाताळच्या सुट्टीत गेले. हवा स्वच्छ होती आणि मृग नक्षत्राच्या बाजूने एक फिकट पट्टा गेल्याचा भासही झाला, पण छायाचित्रांत बघितलेलं ते उजळ, फुगीर रूप कुठेच नव्हतं.

तेव्हा नीट अभ्यासाला बसले. गोष्ट साधी होती, पण कोकणासाठी तिचा अर्थ काय होतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपण आकाशगंगेच्या आतच आहोत. ती सुमारे 1 लाख प्रकाशवर्षं व्यासाची चपटी तबकडी आहे, आणि आपण मध्यापासून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर, तबकडीच्या जाडीतच बसलेले. नुसत्या डोळ्यांना जे सुटे तारे दिसतात, ते एकूण एक तिच्यातलेच. पण तबकडीच्या पातळीत ज्या दिशेला बघू तिथे ताऱ्यांवर तारे रचलेले असल्याने त्यांचा मिळून पट्टा दिसतो. हा पट्टा आभाळाला पूर्ण वेढा घालतो. मात्र त्याचा दाट भाग, म्हणजे केंद्राकडची बाजू, धनु राशीत आहे. मृगाकडे बघताना आपण केंद्राकडे पाठ करून बाहेरच्या विरळ कडेकडे बघत असतो. नाताळात मला दिसली होती ती ही बाजू. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तर सूर्य स्वतःच धनु राशीतल्या त्या दिशेला असतो, मग तो भाग रात्री दिसणार कसा?

धनु रास रात्रभर आकाशात असते ती जून-जुलैत. आणि जून-जुलैत कोकणात आभाळ कुठलं, नुसता पाऊस! दिल्ली-राजस्थानकडचा माणूस मे-जूनमध्ये बघून घेतो, युरोपातला ऑगस्टमध्ये बघतो. कोकणातल्या माणसाला दोनच खिडक्या उरतात. एक, फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत. दुसरी, हस्ताचा पाऊस सरल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, दिवेलागणीनंतर दोन-अडीच तास. मला दुसरी जास्त आवडली, कारण ऑक्टोबरच्या संध्याकाळी धनु रास नैर्ऋत्येला असते आणि आमच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येला समुद्राशिवाय काही नाही. ना घर, ना डोंगर, ना रस्ता.

आणखी एक भाग्य आपल्या वाट्याला आलं आहे, ते मी हिशेब केला तेव्हा कळलं. सिंधुदुर्ग 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे आकाशगंगेचं केंद्र इथून क्षितिजापासून सुमारे 45 अंश वर येतं, अर्ध्या आभाळापर्यंत. लंडनमधून ते 10 अंशही चढत नाही. ज्यांच्या पुस्तकांतून आपण खगोलशास्त्र शिकतो त्यांच्यापैकी कितीतरी जणांना हा भाग घरातून धड दिसत नाही, आणि आपल्याला माडांच्या वर दिसतो.

तर, ती अश्विन वद्य दशमी. तिथी कालनिर्णयात बघून पक्की केली होती. मुद्दामच वसुबारसेच्या आधी गेले, कारण एकदा दिवाळी लागली की घरोघरी आकाशकंदील आणि माळा, फटाक्यांचा धूर वेगळाच. आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटीन कागद मात्र कामी आला. त्याच्या तीन घड्या करून बॅटरीच्या तोंडावर रबरबँडने बसवल्या. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत.

डोळ्यांचं हे प्रकरण मी मुलांना शिकवते, पण अंगावर अनुभवलं ते त्या रात्री. डोळ्याच्या पडद्यावर शंक्वाकार पेशी आणि दंडाकार पेशी असतात. शंक्वाकार पेशींना रंग कळतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. अंधुक उजेडात काम करतात त्या दंडाकार पेशी, आणि त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य उजेड पडला की विरून जातं. ते पुन्हा भरून यायला वीस-तीस मिनिटं, पुरतं भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे घरातून बाहेर येऊन पाच मिनिटं मान वर केली आणि "काही दिसत नाही" म्हणून आत गेलं, तर दोष आभाळाचा नव्हे.

आम्ही साडेसहाला जाऊन बसलो. सूर्य बुडून गेला होता, पश्चिमेला केशरी पट्टा होता. सातला पहिल्यांदा ज्येष्ठेचा तारा दिसला, समुद्रावर हातभर उंच, तांबूस. मग तिच्या डावीकडे विंचवाची नांगी वळत गेली, मूळ नक्षत्र. डोक्यावर श्रवण, उत्तरेकडे अभिजित. साडेसातच्या सुमारास माझ्या खिशातला फोन वाजला. बहिणीचा होता, "पोचलीस का?" एवढंच विचारायला. पडद्याचा तो पांढरा झोत थेट डोळ्यात गेला आणि वर बघते तो आभाळ रिकामं. तो "ढग"सुद्धा गेला होता! तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. फोन बंद करून चपलेत ठेवला आणि पुन्हा वाट बघत बसले. दहा मिनिटांनी ढग परत आला.

मग मामाचा तो प्रश्न.

कळल्यानंतरची पहिली काही मिनिटं मी काहीच केलं नाही. नुसती पडून राहिले. नैर्ऋत्येला जिथे समुद्र संपतो तिथून तो पट्टा निघाला होता. खाली रुंद, जणू पिठाची मूठ उधळावी तसा. धनु राशीतून वर येऊन गरुडातल्या श्रवणापाशी, तिथून हंस तारकासमूहातून ईशान्येला शर्मिष्ठेकडे माडांच्या झावळ्यांत शिरलेला. एका टोकाला लाटा, दुसऱ्या टोकाला माड, आणि मधे आम्ही. मान एका बाजूला वळवून दुसरं टोक दिसत नव्हतं. चित्रात ती कधीच एवढी मोठी नसते. चित्राला चौकट असते.

रंग मात्र नव्हते. छायाचित्रांतला गुलाबी, जांभळा, निळा यातलं काही नाही. राखाडी-पांढरं, भिजलेल्या राखेसारखं. मला याचं वाईट वाटलं नाही, कारण त्यामागचं कारण माहीत होतं: दंडाकार पेशींना रंग कळतच नाहीत, आणि कॅमेरा वीस-वीस सेकंद उजेड साठवतो तसा डोळ्याला साठवता येत नाही. पण आकाशगंगा बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. छायाचित्र मनात धरून गेलेला माणूस समोरच्याला ढग समजतो. माझं तेच झालं.

मला जास्त गुंगवलं ते काळ्या भागाने. हंसापासून खाली पट्टा मधोमध चिरल्यासारखा दुभंगला होता. दोन पांढऱ्या धारा आणि त्यांच्यामध्ये काळोखाची लांब फट. आधी वाटलं तिथे तारे नाहीत. तारे आहेत, पण त्यांच्या अलीकडे वायू आणि धुळीचे प्रचंड मेघ आहेत, ते मागचा उजेड अडवतात. म्हणजे ढगाविषयी मी अगदीच चुकले नव्हते. ढग होताच, फक्त जो पांढरा दिसत होता तो नव्हे, काळा दिसत होता तो. ही फट थेट बघितली की पुसट व्हायची आणि नजर किंचित बाजूला नेली की उठून दिसायची. डोळ्याच्या अगदी मध्यावर दंडाकार पेशी नसतातच, म्हणून अंधुक गोष्ट तिरक्या नजरेने बघायची असते. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला की रात्री पाण्यात मासळीची झळक बघायची असली की तांडेलही असंच शिकवायचे, "नीट बघू नको, बाजूक बघ." पन्नास वर्षं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेल्या माणसाला माझ्या पेशी-बिशी नव्या नव्हत्या.

धनु राशीत धनुर्धारी मला कधीच दिसला नाही. दिसते ती चहाची किटली. उजवीकडे तोटी, डावीकडे कान, वर झाकण. यातलेच तारे पूर्वाषाढा आणि उत्तराषाढा नक्षत्रांचे. किटलीच्या तोटीच्या अगदी वर पट्टा सगळ्यात उजळ आणि दाट होता, तोटीतून वाफ निघावी तसा. आणि तोटीच्या थोडं उजवीकडे, किटली आणि विंचवाची नांगी यांच्या मधे आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. तिथे सुमारे 40 लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती गरगरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षं माग काढणाऱ्या राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना 2020 सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि 12 मे 2022 रोजी त्याची पहिली प्रतिमा जगापुढे आली. केंद्राचा दिसणारा उजेड मात्र डोळ्यांपर्यंत पोचत नाही, मधल्या धुळीने तो गिळलेला असतो. मला हे माहीत होतं. तरी त्या काळसर जागेकडे बोट करून मी मामाला म्हटलं, "हे मधलं गाव आपलं. आपण इथून 26 हजार प्रकाशवर्षांवर." एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, हेही सांगितलं. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपण कडेक." हो, बऱ्यापैकी कडेक.

सोबत दहा बाय पन्नासची दुर्बीण होती. ती डोळ्यांना लावली तर सगळं धुरकट. दुर्बीण बिघडली की काय म्हणून लाल बॅटरीच्या उजेडात भिंग बघितलं, तर त्यावर बारीक चिकट थर. बोटाने चाटून बघितलं, मीठ! तासाभरात खाऱ्या वाऱ्याने भिंगांवर मिठाचा पापुद्रा धरला होता. कोरड्या फडक्याने पुसलं असतं तर ओरखडे पडले असते. मामीने दिलेल्या तांब्यातलं पाणी सुती पंचाच्या टोकाला लावून आधी मीठ विरघळवलं, मग दुसऱ्या टोकाने अलगद टिपलं. किनाऱ्यावर दुर्बीण न्यायची असेल तर गोडं पाणी आणि जुनं धुतलेलं सुती कापड हवंच, आणि वापरत नसताना दुर्बिणीची झाकणं लावलेली हवीत.

पुसल्यावर जे दिसलं ते कसं सांगू? नुसत्या डोळ्याला पीठ दिसत होतं, दुर्बिणीतून त्याचे कण सुटे झाले. नजर जाईल तिथे टाचणीच्या टोकाएवढे तारे, आणि त्यांच्या मागे पुन्हा पीठच, अजून न सुटलेलं. 1610 साली गॅलिलिओने हेच लिहिलं, की आकाशगंगा म्हणजे असंख्य ताऱ्यांचा समुदाय. माझ्या दुर्बिणीचं भिंग त्याच्या दुर्बिणीपेक्षा मोठं आहे, पण तो एकटा होता आणि त्याच्याआधी कुणी तसं बघितलेलं नव्हतं. एकूण तारे 100 ते 400 अब्ज असावेत असा अंदाज आहे. वर्गात हा आकडा मी फळ्यावर शून्यं देऊन लिहिते. पुढच्या वेळी लिहिताना हात जरा थांबेल.

नांगीच्या जवळ एक धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यालाही दिसत होता, दुर्बिणीत तो सुटा होऊन ताऱ्यांचा छान झुबका झाला. दुसऱ्या शतकात टॉलेमीने नोंदवून ठेवलेला तारकागुच्छ तो हाच. किटलीच्या तोटीच्या वर आणखी एक ठिपका होता, तो मात्र सुटा होईना. ढगाचा तुकडाच जणू. तो खारकच्छ तेजोमेघ, जिथे आजही नवे तारे जन्मताहेत. मामाने दुर्बीण घेतली ती पंधरा मिनिटं परत दिली नाही.

आठनंतर सगळं समुद्राकडे कलायला लागलं. विंचू आधी गेला. मला वाटत होतं ज्येष्ठा पाण्याला टेकेल आणि मग बुडेल, पण तसं होत नाही. पाण्यापासून दोन बोटं वर असतानाच ती लाल, मग तपकिरी होत होत नाहीशी झाली. क्षितिजालगत बाष्पाचा जाड थर असतो, तोच तारे गिळतो. पाठोपाठ आकाशगंगेचा बुडखाही त्या थरात शिरला. खालून हळूहळू कुणी पुसत न्यावं तसा पट्टा आखूड होत गेला. दहाच्या सुमारास किटलीची तोटीही गेली. वरचा श्रवण-हंसाकडचा भाग अजून जागेवर होता आणि ईशान्येला देवयानी दीर्घिका बरीच वर आली होती, तिरक्या नजरेला जेमतेम जाणवणारा लांबट डाग. 25 लाख प्रकाशवर्षं दूर. दुसरी आकाशगंगा. उठताना मी तिला बघून घेतलं, पण खरं सांगते, त्या रात्री माझं मन आपल्याच घरात अडकलेलं होतं.

एक गोष्ट मात्र सलत राहिली. आमच्या जागेपासून फर्लांगभर अंतरावर पर्यटकांसाठी बांधलेली खोल्यांची रांग आहे. तिच्या कोपऱ्यावर समुद्राच्या दिशेने तोंड केलेला एक हॅलोजन जळत होता. त्यापासून वाचायला आम्ही किनाऱ्यावर उलट बाजूला खडकांच्या आडोशाला गेलो होतो. दक्षिणेला गोव्याच्या बाजूने क्षितिजावर पिवळट उजेड होता. आणि समुद्रात लांबवर तीन-चार होड्या पांढऱ्याफटक दिव्यांनी पेटलेल्या. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडायला केंद्र सरकारने 2017 सालीच बंदी घातली आहे, तरी ते दिवे दिसतात, आणि रापणवाल्यांच्या ताटातलं त्यांनी काय काय ओढून नेलं ते मामा बोलायला लागला की रात्र पुरत नाही. त्याच दिव्यांनी आभाळही ओढून नेलं जातं, ही माझी त्यात भर. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जगाच्या प्रकाश-प्रदूषणाच्या नकाशानुसार जगातल्या एकतृतीयांशाहून अधिक माणसांना घरातून आकाशगंगा दिसत नाही. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, रस्त्यावरच्या दिव्यांची तोंडंही तिथे खाली वळवली गेली. जंगलासाठी जे जमलं ते आमच्या किनाऱ्यासाठी का जमू नये? दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खोल्यांच्या मालकांशी बोलायला गेले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि पर्यटकांना अंधाराची भीती वाटते असं सांगितलं. दिवा आहे तिथेच आहे.

मार्चच्या शेवटी, पाडव्याच्या आदल्या रात्री, पहाटेची खिडकी गाठायला पुन्हा गेले. या वेळी किनाऱ्यावर नव्हे, गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कारण पहाटे धनु रास आग्नेयेकडून वर येते आणि किनाऱ्यावरून त्या बाजूला माड आणि डोंगर आडवे येतात. "फुरशी आसतत थंय. बूट घाल," मामाने बजावलं. सड्यावर फुरशाची भीती खरी असते. त्यामुळे चालताना साधी बॅटरी, पोचल्यावर कातळ नीट बघून चटई, आणि मगच लाल कागद.

या खेपेला मामीही आली. रात्रीचे साडेतीन. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, दिवसभर तापलेला कातळ पाठीला अजून कोमट. विंचू पूर्ण उगवून दक्षिणेला चढला होता आणि आकाशगंगा पूर्वेकडून आभाळभर कमान टाकून उभी होती. ऑक्टोबरात ती उतरताना बघितली होती, आता चढताना. ओळखायला मला एक क्षणही लागला नाही.

मामी कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. तिच्या माहेरी ती नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत वीज नव्हती. उन्हाळ्यात सगळी पोरं खळ्यात झोपायची. "ह्या रोज दिसायचा," ती म्हणाली. "माका कोणी नाव सांगूक नाय कधी." मग तिने विचारलं, हे मधे काळं काय? मी सांगितलं. किटली दाखवली, ती तिला लगेच दिसली. पावणेपाचला किटली जवळजवळ दक्षिणेला, चांगली वर होती. सव्वापाचनंतर पूर्व पांढरी व्हायला लागली आणि पट्टा आधी कडेने, मग मधून विरला. तारे उरले, मग तेही गेले.

परतल्यावर मी झोपले ती दहाला उठले. गुढी उभारून झाली होती. मागच्या पडवीत खट्खट् आवाज येत होता. मामाने गोडेतेलाचा रिकामा डबा उभा कापून सपाट केला होता आणि छिन्नीने त्याचा एक अर्धवट गोल काढला होता. कडा दुमडून, हातोडीने बसवून त्याने शंकूसारखी टोपी तयार केली, वर तारेसाठी भोक. खळ्यातला दिवा उघडा बल्ब होता, चारही बाजूंना आणि वर उजेड फेकणारा. स्टुलावर चढून मामाने ती टोपी बल्बच्या वर तारेने घट्ट बांधली. आतल्या बाजूला डब्यावरचं शेंगदाण्याचं चित्र अजून दिसत होतं.

संध्याकाळी दिवेलागणीला मामीने बटण दाबलं. खाली शेणाने सारवलेल्या खळ्यात उजेडाचं वाटोळं रिंगण पडलं, तुळशीपर्यंत आणि पायरीपर्यंत. पायरीवर ठेवलेल्या चपला आधीपेक्षा स्पष्ट दिसत होत्या. वरच्या झावळ्या काळोखात होत्या.